क्लोरीन ‘शिल्लक’ राहिला पाहिजे

संपादक महोदय,

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळांत एक दिवस कवितावाचन होतं, दुसऱ्या दिवशी सी. व्ही. रामन यांच्यावर भाषण. या दोन दिवसांची गाठ मात्र कुणी घालत नाही. पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनी म्हणून ३१ वर्षं नोकरी करताना मला ती रोज घालावी लागली, म्हणून हे पत्र.

ग्रामपंचायतींतर्फे गावच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणाऱ्या जलसुरक्षकांचं प्रशिक्षण आमच्याकडे असे. सुरुवातीच्या एका वर्गात मी सांगत होतो, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम ‘रेसिड्युअल क्लोरीन’ मिळालाच पाहिजे. सगळ्यांनी निमूट लिहून घेतलं. मार्गदर्शक पुस्तिकेत ‘अवशिष्ट’ असा शब्द होता. तोही त्यांनी तसाच उतरवला. चहाच्या वेळी एक जलसुरक्षक जवळ येऊन म्हणाला, “साहेब, पाणी शुद्ध झालं तर क्लोरीन उरायचा कशाला? उरतोय म्हणजे टीसीएल जास्तच पडली की!”

पुस्तिका बाजूला ठेवून मी त्याला सांगितलं, की टीसीएल पाण्यात पडली की क्लोरीन आधी घाणीवर आणि जंतूंवर खर्च होतो. तो खर्च भागून थोडा उरला, तरच समजायचं की काम झालं. आणि पुढे फुटक्या पाइपातून गटाराचं पाणी शिरलं, तर त्याला तोंड द्यायला हा उरलेलाच असतो. त्यानं क्षणभर विचार केला. “म्हणजे शेवटची पंगत उठल्यावर पातेल्यात भाजी दिसली पाहिजे. तरच कुणी उपाशी उठलं नाही.” मग म्हणाला, “शिल्लक क्लोरीन म्हणा की सरळ!”

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक वर्गात मी ‘शिल्लक’ म्हणालो आणि पंगतीचं उदाहरण दिलं. शिल्लक क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टला पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, की मागे बसलेली माणसं आपणच म्हणत, “पातेलं रिकामं.” क्लोरीन, टीसीएल, ओटी हे शब्द त्यांना कधीच अडले नाहीत, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधायची गरजही नव्हती. अडत होतं ते ‘का’पाशी. आणि ‘का’ माणूस आपल्याच भाषेत विचारतो.

मी स्वतः दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. अकरावीला सगळं इंग्रजीत सुरू झालं. ‘ऑक्सिडेशन’ म्हणजे आपलं ऑक्सिडीकरणच, हे कळेपर्यंत दिवाळी आली. पण कळल्यावर अडलो नाही, कारण लोखंड का गंजतं ते आधीच मराठीत समजलं होतं. आज माझी नात आठवीला सेमी इंग्रजीत आहे. ‘ह्युमिडिटी’ची व्याख्या घडाघडा म्हणते. मी विचारलं, ऊन पडलं तरी आषाढात कपडे लवकर का वाळत नाहीत? ती गप्प झाली. हवा आधीच बाष्पानं भरलेली, ती आणखी पाणी कुठे घेणार, एवढं सांगताच तिचा चेहरा उजळला. पोरगी हुशार आहे; वर्गात हा प्रश्न मराठीत निघालाच नव्हता, एवढंच. ह्याचं मला फार वाईट वाटलं.

सेमी इंग्रजी बंद करा, असं मी म्हणत नाही. धडा इंग्रजीत झाला तरी शेवटची दहा मिनिटं मुलांना मराठीत प्रश्न विचारू द्यावेत. विज्ञान दिनाला शाळेच्या टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट मुलांकडून करून घ्यावी आणि पिवळा रंग आला की नाही, का आला, हे त्यांनी मराठीत फळ्यावर लिहावं.

आणखी एक. मी हाताळलेल्या तपासणी किटच्या खोक्यांत माहितीचा कागद इंग्रजीतच असे. गावात ते खोकं उघडणारा माणूस मराठी वाचतो. मराठी मजकूर एका पानात मावेल. तो लिहून द्यायला मी विनामोबदला तयार आहे. माझ्याबरोबर काम केलेले आणखी दोघे-तिघेही येतील.

आपला,
एक निवृत्त रसायनी, सातारा