रात्री पाऊण वाजताचं ऊन

ट्रॉम्सो, नॉर्वे
जूनअखेर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, आधी तुझ्या काळजीचं. थंडी सोसवते, स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट घातलं की पुरतं. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे मी, तरी बर्चची झाडं हिरवीगार आहेत. अटलांटिकमधून वर येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे इथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. झोपेचं मात्र अवघड आहे. जाड पडदे ओढले तरी कडेनं उजेड येतोच, आणि अंगाला दिवस संपल्याचं कळतच नाही.

बाबा, २० मेच्या सुमारास इथला सूर्य मावळायचा थांबतो तो थेट २२ जुलैपर्यंत. हे आपण भूगोलात शिकलो होतो. पण रात्री पाऊणच्या सुमारास तो बरोबर उत्तरेला, क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर दिसला, तेव्हा मी नुसती उभी राहिले. ते पिवळं, लांब सावल्यांचं ऊन तासन्‌तास तसंच राहतं. रात्री अकराला मुलं सायकली फिरवतात, कुणी कुंपण रंगवत असतं. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ज्यांना सूर्य दिसतच नाही, त्यांनी हा उन्हाळा झोपून का घालवावा?

गाव बेटावर आहे. लांबलचक पूल चालत ओलांडला की समोर १९६५ सालचं, पांढऱ्या त्रिकोणांचं आर्क्टिक कॅथेड्रल. छान आहे, पण माझं मन बंदराजवळच्या अमुंडसेनच्या पुतळ्यापाशीच रेंगाळलं. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेला हा माणूस १८ जून १९२८ ला इथूनच विमानानं निघाला, नोबिले या इटालियन संशोधकाच्या शोधात. नोबिलेचं ‘इटालिया’ हे मोठ्या फुग्यासारखं, वायूवर तरंगणारं हवाई जहाज बर्फावर कोसळलं होतं. दोघांचं आधी चांगलंच बिनसलेलं, तरी हा गेला. नोबिले वाचला, अमुंडसेन परत आलाच नाही. बाबा, तो निघाला तेव्हाही जूनच होता, म्हणजे हाच न मावळणारा उजेड होता. तिथं तुमची फार आठवण आली. तुम्ही त्याच्याबद्दल किती काय सांगितलं असतंत!

पुलापलीकडच्या डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्यात, सुमारे १२०० आहेत. मी चढले. हिमालयातली माणसं इतक्या दूर येऊन एकेक दगड असा बसवून गेली, की पाय कुठेही डगमगत नाही. आई, तुझ्या गुडघ्यांचा प्रश्न नाही. शेजारूनच केबल कार ४२१ मीटरवर नेते आणि वरून बेट, पूल, पलीकडचे बर्फाचे पट्टे सगळं दिसतं. वाटेच्या कडेला माणसाहून उंच, छत्रीसारख्या फुलांची झाडं दिसतात, त्यांना ट्रॉम्सो पाम म्हणतात. त्यांना हात लावायचा नाही. चीक लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते.

मला तुम्हाला इथं आणायचंच आहे, आणि जूनमध्येच. बाबा, डॉक्टरांना लांबच्या विमानप्रवासाचं विचारून ठेवा. आई, पासपोर्टची मुदत तेवढी बघून मला कळव.

तुमची लेक