इंजिन न खोलल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडी घेऊन नऊच दिवस झाले होते. चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि टोइंगवाल्याने मला तुमच्या दारात आणून सोडलं. विक्रेत्याला फोन केला तर त्याचं एकच म्हणणं, "मॅडम, जुनी गाडी आहे. 'जशी आहे तशी' घेतली म्हणून सही केलीय तुम्ही." मी रडकुंडीला आले होते. तुम्हाला म्हटलं, काय लागेल ते करा, पण इंजिन आजच खोला. तुम्ही नाही म्हणालात.

तेव्हा मला तुमचा रागच आला. तुम्ही ऑइलचं झाकण उघडून आतला दुधाळ, चिकट थर दाखवलात. मग इंजिन गार होऊ दिलंत आणि रेडिएटरच्या झाकणाखालचा तपकिरी गाळ बोटावर घेतलात. "हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी, गेलंय. आणि हे गळती बुजवायचं औषध आहे, कुणीतरी आधीच टाकलेलं. पण आज मी हेड खोललं, तर उद्या तो म्हणेल, मिस्त्रीनेच बिघडवलं." मोठं काम चालून आलेलं असताना ते तुम्ही हातचं सोडलंत. उलट फोटो काढायला लावलेत, किलोमीटरचा आकडा आणि तारीख टाकून, सहीशिक्क्यानिशी काय दिसलं ते लिहून दिलंत. त्याचे पैसेही घेतले नाहीत.

"आधी त्याला लेखी कळव, गाडी बघायला बोलाव, मुदत दे," असं तुम्ही सांगितलंत. तसंच केलं. त्याचं उत्तर आलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तरी तो हलला नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. वकील करावाच लागतो असं मला वाटायचं, पण स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

काका, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मी त्यानंतर वाचला आणि तुमचं म्हणणं किती नेमकं होतं ते कळलं. विक्रेत्याने जो दावा केला त्याला वस्तू उतरली नाही, तर तोही कायद्याच्या व्याख्येत 'दोष' ठरतो. त्याच्या जाहिरातीत "इंजिन उत्तम, कसलंही काम नाही" असं लिहिलेलं होतं आणि तो स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये होता. 'जशी आहे तशी'वर सही घेतली म्हणून खोटा दावा खरा होत नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण तुम्ही त्या दिवशी इंजिन खोललं असतं, तर तपासायला काय उरलं असतं?

जुन्या गाडीचे टायर झिजलेले असणार, क्लच थकलेला असणार. त्यावर माझी तक्रार नव्हती आणि नसावीही. माहीत असलेला बिघाड औषध ओतून झाकणं ही मात्र फसवणूक आहे, आणि ती मुकाट्याने सोसायची नाही हे मला तुमच्यामुळे सुचलं. गाड्या विकणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याकडून मी गाडी घेतली होती, म्हणून हा रस्ता खुला होता. एखाद्याने आपली घरची गाडी विकली असती, तर बहुधा दिवाणी न्यायालयाचाच लांबचा रस्ता धरावा लागला असता.

आयोगाची नोटीस पोहोचली आणि विक्रेत्याचा फोन आला. तुमच्याच गॅरेजमध्ये, त्याच्या माणसासमोर तुम्ही हेड खोललंत. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध जळालेलं होतं. त्याचा माणूस काही बोलला नाही. दुरुस्तीचा आणि टोइंगचा सगळा खर्च त्याने भरला, तडजोड लेखी झाली.

जुनं गॅस्केट तुम्ही सांगितल्याप्रमाणे पिशवीत, तारखेची चिठ्ठी लावून ठेवलं आहे. पैसे खात्यात जमा झालेत. येत्या रविवारी ऑइल बदलायला येते, तेव्हा तुमच्या रिपोर्टचे पैसे घ्यावेच लागतील.

तुमची ऋणी,
लाल काट्याच्या गाडीवाली ताई