आरोग्य शिक्षणातील पीएच.डी.साठी अर्ज कोठे करायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर आरोग्य शिक्षणाचे काम करताना पडलेल्या एका प्रश्नावर पीएच.डी. करावी, या हेतूने मी गेले वर्षभर प्रवेशाच्या खटपटीत आहे. त्या खटपटीत जे ध्यानात आले ते खान्देशातील वाचकांपुढे आणि विद्यापीठांच्या धुरीणांपुढे मांडण्यासाठी हे पत्र.

प्रश्न सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा आहे. पती-पत्नी दोघेही या आजाराचे वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजाराचा दोष पुढच्या पिढीला देऊ शकत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे समजावताना आम्ही 'चारांपैकी एक' असे सांगतो, आणि ऐकणारे जोडपे त्याचा अर्थ असा घेते की एक मूल आजारी निघाले, म्हणजे पुढची तिन्ही धडधाकट निघतील. तक्ता मराठीत, ऐकणारी बाई पावरी बोलणारी. तिच्या बोलीत ही 'शक्यता' कशी सांगावी, हे मला आजही नीट जमत नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झाले आणि त्याने 2047 चे उद्दिष्ट ठेवले आहे. रक्ततपासणी आवश्यकच आहे. परंतु तपासणीचा कागद हाती पडल्यावर त्या घराला नेमके काय उमगले, हे शोधण्याचे शास्त्र म्हणजेच आरोग्य शिक्षण.

या विषयाला प्रवेशाच्या अर्जात मात्र स्वतःचा रकाना नाही. माझी पदव्युत्तर पदवी समाजकार्यातील. एका ठिकाणी मला 'हा विषय वैद्यकीय आहे' असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी 'तुमची पदवी वैद्यकीय नाही' असे. आरोग्य विज्ञानाचे विद्यापीठ नाशिकला आणि समाजकार्य, शिक्षणशास्त्र हे विषय जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे, अशी विभागणी असल्यामुळे या दोहोंच्या सीमेवरचा विषय कोणाचाच राहत नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही हीच अडचण येते. आता नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देण्याचे धोरण आहे, पण त्या परीक्षेच्या यादीत आरोग्य शिक्षण नाही. 'सामाजिक वैद्यक व सामूहिक आरोग्य', 'समाजकार्य' किंवा 'शिक्षणशास्त्र' यांपैकी एक निवडावा लागतो, आणि विषय कोणता निवडला यावर पुढे मार्गदर्शक कोण मिळणार हे अवलंबून राहते.

वस्तुतः यासाठी नवा विभाग काढण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विभागाबाहेरचा, इतकेच नव्हे तर विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक नेमण्याची मुभा दिलेली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातील प्राध्यापक सहमार्गदर्शक आणि समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक मुख्य मार्गदर्शक, अशी जोडी आजच्या नियमांत बसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार आंतरविद्याशाखीय अभ्यासाची स्वतंत्र विद्याशाखाही आहे. अडते ते एवढ्यावरच, की अर्जदाराने ही जोडी स्वतः जुळवून आणावी अशी अपेक्षा असते, आणि पाड्यावर काम करणाऱ्या माणसाची प्राध्यापकांशी ओळख असतेच असे नाही.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची सोय याच नियमावलीत आहे; स्त्रियांना मुदतीत 2 वर्षांची सवलत आणि 240 दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजाही आहे. आरोग्य विभागातील परिचारिका, समुपदेशक आणि पर्यवेक्षिका यांपैकी अनेकींना हे ठाऊकच नसते. संशोधनाचे उत्तम प्रश्न त्यांच्याकडे आहेत, असे मी अनुभवाने म्हणते. अहिराणी, पावरी, मावची बोलीत रुग्णाशी बोलताना कोणता शब्द पोहोचतो आणि कोणता अडखळतो, हे त्यांना रोज दिसते.

जळगावच्या विद्यापीठाने पुढील प्रवेशाची जाहिरात काढण्यापूर्वी आरोग्य शिक्षण कोणत्या अभ्यासमंडळाकडे येईल ते ठरवावे, या विषयात मार्गदर्शन करण्यास तयार असलेल्या प्राध्यापकांची नावे रिक्त जागांसह संकेतस्थळावर द्यावीत, आणि तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी सहमार्गदर्शनाबाबत एकदाच लेखी ठरवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. जिल्हा आरोग्य यंत्रणेनेही ना हरकत प्रमाणपत्राचा निर्णय ठरावीक मुदतीत द्यावा. त्या एका कागदासाठी मी मागच्या वेळी अर्जाची अंतिम तारीख हुकवली.

आपली विश्वासू,
एक आरोग्य कार्यकर्ती
शहादा, जि. नंदुरबार