सत्काराला तू यायलाच हवंस

सातारा,
कार्तिकी एकादशी

प्रिय बाबूजी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. हिची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर आहे तशीच.

फोन केला असता, पण साहेबांचं नाव निघालं की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्र मात्र तू पुरतं वाचशील. हातात आलेला कागद सहीपर्यंत वाचल्याशिवाय तू कधी खाली ठेवला नाहीस.

सुभेदारसाहेब आपल्या माजी सैनिक संघटनेचं अध्यक्षपद सोडतायत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर लागत नाही. रविवारच्या मीटिंगला उभे राहिले, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पुढचा माणूस बघा." एवढंच. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि बोलले कशावर, तर फ्लेक्स किती फुटी लावायचा!

तारीख आधी १६ डिसेंबर धरली होती. मी म्हटलं, विजय दिवसाला कराडला एवढा मोठा समारोह असतो, १९७१ चे आपले म्हातारे तिकडं जाणार की इकडं बसणार? मग सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला, ७ डिसेंबर. पाहुण्यावरून अजून रण पेटलंय. एक जण एका पुढाऱ्याचं नाव घेतो, दुसरा लगेच त्याच्या विरोधकाचं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "फेटा बांधा, मला आवडतो. शाली पेटीत मावत नाहीत. आणि पाहुणा नको."

मानपत्र लिहायचं माझ्या गळ्यात आलंय. जो तो सांगतो, सुरुवात अपशिंगे मिलिटरीपासून कर, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले ते लिही. लिहीन. त्या स्मारकापुढं उभं राहिलं की अजून माझा हात आपोआप कपाळाकडं जातो. पण साहेबांचं काय लिहू? फौजेतलं त्यांचं मोठेपण सगळ्यांना ठाऊक आहे. इथं येऊन त्यांनी जे केलं ते त्या हिरव्या रजिस्टरात आहे, आणि ते वाचता येणारी माणसं दोनच, ते आणि तू.

किल्ली माझ्याकडं दिली म्हणून काल कपाट उघडलं. रजिस्टर बघत बसलो तो जेवणाची वेळ टळली. डावीकडं वीरनारीचं नाव, मग पेन्शनच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा नंबर, मग गाव आणि शेवटची एसटी किती वाजता. ८० च्या पुढच्या बायकांपुढं लाल टिंब, कारण त्यांचा हयातीचा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायला नको. कुणापुढं पेन्सिलीनं लिहिलंय, "ठसा उमटत नाही, घरी जाणे." शेतात राबून बोटांच्या रेघा गेलेल्या, मशीन त्यांना ओळखतच नाही.

जावळी खोऱ्यातली ती म्हातारी आठवते? नवऱ्याच्या रेकॉर्डात तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फौजी पेन्शनच्या त्या 'स्पर्श' पोर्टलवर नाव जुळेना आणि पेन्शन थांबली. शाळेचा दाखला आणा म्हणाले, तर बाई शाळेत गेलेलीच नाही. साहेबांनी प्रतिज्ञापत्र केलं, सरपंचाचा दाखला घेतला आणि तिला एसटीत बसवून स्वतः बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला घेऊन गेले. पेन्शन सुरू झाली, थकबाकीसकट. ती शेतातली नाचणी घेऊन आली. त्या तारखेला रजिस्टरात काय नोंद आहे सांगू? "नाचणी दोन पायली आली. सर्वांस वाटली." बघ, पावती नसेल, पण नोंद आहे!

हसलास ना? मग आता त्या पावतीपुस्तकाचं बोलतो. तू हिशेब मागितलास, त्यांना तो अविश्वास वाटला, तू तिरमिरीत उठून गेलास. मी तेव्हाही म्हणत होतो, तुझं म्हणणं रास्त होतं आणि बोलणं कडू होतं. परवा मी विचारलं, "साहेब, हे रजिस्टर कुणाकडं द्यायचं?" खूप वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाबूकडं. तो पै न् पै विचारील, पण बाईला माघारी पाठवणार नाही."

हे दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार? आपल्याकडं अध्यक्ष व्हायला चौघं तयार आहेत. सोमवारी दहा ते दोन त्या खुर्चीत बसायला एकही नाही. शाल घालून, फोटो काढून आपण त्यांना घरी पाठवू, आणि पुढच्या सोमवारी बायका येऊन कुलपाला हात लावून परत जातील. या विचारानं मला झोप लागत नाही रे. साहेबांचा मान राखायचा तर ती खुर्ची रिकामी राहता कामा नये.

तुझ्या गुडघ्याचं कळलं, वहिनींनी सांगितलं. जिना टाळ. नातू जानेवारीत सैनिक स्कूलची परीक्षा देतोय म्हणे, झकास! गणिताकडं बघ त्याच्या.

तर, ६ तारखेला स्वारगेटहून विनावाहक गाडी पकड, स्टँडवर मी आहेच. मुक्काम आमच्याकडं. साहेबांना फेटा तू बांधायचास, मी समितीला तसं सांगूनही टाकलंय. आणि महिन्यातले दोन सोमवार जरी जमले, तरी उरलेले दोन मी तुझ्या हाताखाली शिकून घेईन. वहिनींना विचारून चार दिवसांत कळव, पत्रिका छापायच्या थांबवून ठेवल्यात.

तुझाच,
दोस्त