लाँड्रीच्या पावतीपायी : पोस्टातल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न.

नाव छापायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून 'नवी पेठेतले पोस्टातले काका' एवढंच लिहितो. ओळखणारे ओळखतील.

हिंदी सिनेमातल्या नटी शशिकलाबाई यांच्या सहीचे कागद मी जमवतो. १९३२ साली सोलापुरात जन्मलेली, पुढं 'आरती' आणि 'गुमराह'साठी लागोपाठ दोन फिल्मफेअर नेणारी बाई आपल्या गावची, एवढं कारण मला पुरतं. फोटोवरच्या सहीचं मला फारसं कौतुक नाही. ती चाहत्याच्या हौसेखातर केलेली असते. बिलावर, मनीऑर्डरच्या पोचपावतीवर घाईत केलेली सही वेगळी. तिथं खलनायिका नसते, घरखर्च बघणारी बाई असते.

म्हणून लाँड्रीची ती पावती विकायला आली तेव्हा मी पार विरघळलो होतो. दिवाळी १९५६. साड्या, पोलकी, एक शाल, खाली झोकदार सही. पैसे मोजायचेच काय ते बाकी होते.

तुम्ही सहीकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा कपाळावर सारून आधी आकडे वाचलेत. '३ रु. ५० न. पै.' आणि हसलात. "अरे, नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. दिवाळीत आठ आणे लिहायला पाहिजे होते. धोब्याला सरकारच्या आधी कळलं होय?"

त्या दुपारी मिळालेली शिकवणी मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. त्याआधीच्या वांद्र्याच्या पत्त्यावर 'मुंबई-५०' असणार, तिथं '४०० ०५०' दिसलं की कागद मुकाट्यानं परत करायचा. पैशांमागचा 'नवे' १९६४ मध्ये गेला. पाकिटावरचा शिक्का आतल्या तारखेच्या आधीचा असेल तर विचारायलाच नको. जन्मभर टपाल वर्गवारीत घालवलेल्या माणसाची नजर ती!

माझ्याकडचे खरे कागद मी लॅमिनेट करायला निघालो होतो, तेही तुम्हीच थांबवलंत. एकदा प्लास्टिक चिकटलं की सुटत नाही, आणि सेलोटेप तर कागद पिवळा करून सोडते. ट्रंकही पत्र्याच्या खोलीतून खाली आणली आहे. सोलापूरचा मे महिना माणसांना सोसत नाही, तिथं शाईचं काय.

एक गोष्ट मात्र अजून पटलेली नाही. तुम्ही म्हणता, सही खोटी असली तरी जुनी पावती म्हणून ती ठेवून घ्यायची होती. त्या किमतीत? नाही काका. विकणाऱ्याला चार शब्द सुनवायचे होते, पण त्यालाही ती रद्दीतच मिळाली असेल म्हणून तुम्ही आवरलंत, ते बरंच झालं.

आता एका पोचपावतीचं बोलणं चाललंय. शिक्का पुसट आहे. भिंग घेऊन रविवारी दुपारी येतो, तेवढी झोप त्या दिवशी राहू द्या. काकूंना सांगा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी घेऊन येतोय.

तुमचा,
सह्यांचा वेडा