कॅमेरा घे, पण फंड मोडून नको

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. इंडेक्स फंडातली, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणाऱ्या फंडातली, निम्मी रक्कम काढायची, तीन-चार जुने कॅमेरे घ्यायचे, दहा वर्षं कपाटात ठेवायचे आणि मग विकायचे, असा बेत दिसतो. कॅमेऱ्याचं वेड तुला माझ्याकडूनच लागलंय, तेव्हा रागावायची सोय नाही. हिशेब मात्र नीट मांडू या.

तू दाखला दिलास लायका हा जर्मन कॅमेरा ज्याने घडवला, त्या ऑस्कर बार्नाकच्या स्वतःच्या लायकाचा. २०२२च्या जूनमध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात झीरो सीरीजमधला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, हे खरं. आता त्याच मालिकेतले आणखी दोन बघ. ११६ क्रमांकाचा २०१२ साली २१ लाख ६० हजार युरोंना गेला आणि १२२ क्रमांकाचा २०१८ साली २४ लाखांना. लायका बाजारात आला १९२५ साली. त्याआधी चाचणीसाठी जे वीस-पंचवीस नग बनवले, त्यातले हे दोघे. सहा वर्षांत वाढ साधारण अकरा टक्के, म्हणजे वर्षाला दोन टक्केही नाही! नग वेगळे, त्यांची अवस्था वेगळी, तेव्हा तुलना काटेकोर नाही. तरी एवढ्या दुर्मिळ मालाची ही गत. १०५ क्रमांकाने उडी घेतली, कारण तो बार्नाकने स्वतः वापरलेला आणि व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं. तू जो लायकाचा एम-३ हेरून ठेवला आहेस, त्याचे दोन लाखांहून जास्त नग बनले आणि तुझ्या नगावर कुणाचंच नाव नाही.

आणखी एक गंमत. बार्नाकच्या कॅमेऱ्यावर शेवटची बोली १ कोटी २० लाखांची होती. वरचे २४ लाख ही लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेली फी. १२२ क्रमांकाचा अख्खा कॅमेरा जेवढ्याला गेला, तेवढी नुसती फी. विकणाऱ्याच्या पैशातूनही बहुतेक वेळा कमिशन कापलं जातं ते वेगळं. दुकानदाराला विकायला गेलीस तर त्याचा नफा सुटेल एवढाच भाव तो देणार. फंडाचं युनिट विकायला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही.

शेअरमागे कंपनी असते. ती माल विकते, नफा कमावते, त्यातला काही लाभांश म्हणून वाटते, उरलेला धंद्यात घालते; चक्रवाढ तिथून येते. कॅमेरा काही कमवत नाही, उलट खातो. कपाटात ठेवलास तर जास्तच खातो. वंगण घट्ट होऊन शटरचे संथ वेग अडकतात, शटरच्या कापडी पडद्याला बारीक भोकं पडतात, दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. ती काचेवरचं कोटिंग खाऊ लागली की पुसून टाकली तरी डाग राहतो आणि भाव पडतो. प्रकाश मोजणारे सेलेनियमचे जुने लाइटमीटर हळूहळू मरतात. सर्व्हिसिंग, विमा आणि कोरडी जागा यांचा खर्च तू आकडेमोडीत धरलेलाच नाहीस.

नकली मालाबद्दलही तुझ्या पत्रात चकार शब्द नाही. सोव्हिएत फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवरची अक्षरं घासून, वर लायकाचं नाव कोरून ते खपवले जातात. सोनेरी मुलामा आणि लष्करी चिन्हं दिसली तर आधी संशय घ्यायचा.

कॉन्टॅक्स टी-२ या छोट्या फिल्म कॅमेऱ्याचा नाद मात्र सोडच. प्रसिद्ध मंडळींच्या हातात दिसला म्हणून त्याचा भाव चढला. आत सगळी तीस वर्षं जुनी इलेक्ट्रॉनिक्स, नवे सुटे भाग बनत नाहीत. सर्किट गेलं की नुसता देखणा टायटॅनियमचा ठोकळा. पूर्ण यांत्रिक एम-३ निदान कुशल कारागिराच्या हातून पुन्हा चालू होतो.

आता तू कोडॅकचं नाव काढशील, आणि तो मुद्दा बिनतोड आहे. २०१२ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती सावरली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती भोपळा आला. कोडॅकचा रेटिना जपून ठेवणाऱ्याकडे कॅमेरा तरी उरला. पण ही गोष्ट सगळा पैसा एका कंपनीत घालणाऱ्याची. अमेरिकेच्या डाऊ जोन्स शेअर निर्देशांकातून कोडॅक २००४ मध्येच बाहेर पडली होती. बुडणाऱ्या कंपन्या निर्देशांकातून गळत जातात, नव्या येत राहतात. कपाटातला पडलेला कॅमेरा काढून तिथे चढता कॅमेरा कोण आणून ठेवणार?

तेव्हा एक एम-३ घे. फंडाला हात न लावता, पगारातून साठवून. आणि वापर, शटर अधूनमधून चाललेलं बरं असतं. पुढे जास्त भाव आला तर आनंदच. पैसे देण्याआधी शटरचा एक सेकंदाचा वेग कानाने तपास, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघ, मूळ डबा आणि कागद असतील तर त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याशी ताडून पाहा. वरच्या पट्टीवरच्या क्रमांकाचा जवळून काढलेला फोटो मला पाठव. विकणारा तो द्यायला का-कू करत असेल तर व्यवहार तिथेच थांबव.

तुझी,
आई