रक्तस्राव म्हणजे केवळ रक्तदाब नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतील मेंदूतील रक्तस्रावावरचा लेख वाचला. मीठ कमी खावे, रक्तदाब मोजत राहावा, हा उपदेश योग्यच आहे. परंतु रक्तदाबावाचून मेंदूत रक्तस्राव होतच नाही, असा वाचकाचा समज व्हावा इतक्या ठामपणे तो लिहिला आहे. शरीरात अन्यत्र झालेला कर्करोग मेंदूत पसरतो आणि त्या गाठीतून रक्तस्राव होऊ शकतो, याचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही.

आमच्या वहिनींचे एक मूत्रपिंड कर्करोगामुळे पूर्वीच काढलेले होते. गेल्या पावसाळ्यात त्यांचे डोके एकाएकी असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि उजवा हात लुळा पडला. येथील एका रुग्णालयात सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसले, रक्तदाबही चढलेला होता (मेंदूत रक्त साचले की तो पुष्कळदा चढतोच), आणि कागदावर 'उच्च रक्तदाब' लिहून मंडळी मोकळी झाली. आम्ही जुनी फाइल पुढे केली, तर 'ते राहू द्या' एवढेच उत्तर मिळाले. घरी समाचाराला येणाऱ्यांनी तर सगळा दोष वहिनींच्या कैरीच्या लोणच्यावर ढकलला. पुढे साचलेले रक्त विरल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन एमआरआय करवला, तेव्हा कुठे गाठ दिसली.

मूत्रपिंडाचा कर्करोग कित्येक वर्षांनीही उलटतो, आणि मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग), थायरॉईडचा कर्करोग व कोरिओकार्सिनोमा (बहुधा गर्भधारणेनंतर वारेच्या पेशींतून उद्भवणारा कर्करोग) यांच्याप्रमाणे त्याच्याही मेंदूतील गाठींतून रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो, हे आपल्या विद्वान लेखकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. जागा अपुरी पडली असावी. यांपैकी कोरिओकार्सिनोमा तर मेंदूपर्यंत पोहोचल्यावरही केमोथेरपीने बरा होऊ शकतो, म्हणूनच गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर तरुण स्त्रीला असा रक्तस्राव झाल्यास एचसीजीची (या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या गर्भधारणेच्या संप्रेरकाची) साधी रक्ततपासणी राहून जाणे परवडणारे नाही. पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी अशा वेळी ती माहिती डॉक्टरांना आवर्जून, प्रसंगी भांडूनही सांगावी, एवढे तरी पुढील पुरवणीत छापावे.

जागेचीच अडचण असेल, तर त्याच पानावरील 'गाठ विरघळवणाऱ्या' काढ्याची भलीमोठी जाहिरात एक आठवडा वगळता येईल.

आपला नित्याचा वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर